भुऱ्याचा झीलकरी

पडदा वर जातो, तेव्हा इचोड्यात सकाळ झालेली असते. मागं, जिथं नाटक मंडळी रंगवलेला डोंगर नाहीतर राजवाडा टांगत, तिथं इथं हैदराबाद-नागपूरचा खराखुरा रस्ता आहे. एका विंगेतून आदिलाबादकडचा ट्रक धुरळा उडवत येतो आणि दुसऱ्या विंगेत, निर्मल गावाच्या दिशेनं, नाहीसा होतो. ढाब्यावरची भट्टी नुकतीच पेटली आहे. पुढं, प्रेक्षकांच्या अगदी पायाशी, दोन बिऱ्हाडांचं एक कौलारू घर. दोन्ही दारांना मिळून एकच लांब ओटा. ओट्यावर बाज, बाजेवर एक म्हातारा, डोक्याला पटका, हनुवटी काठीवर टेकलेली. आणि बाजेखाली, सावलीत, एक राखाडी कुत्रा. त्याचा डावा कान रानडुकरानं फाडलेला.

ट्रक दिसतो. कुत्रा बाजेखालून सुटतो, अंगणाच्या कडेला जाऊन पाय रोवतो आणि भुंकतो. गल्लीतल्या कुत्र्याचं ते भुंकणं नव्हे. छातीतून निघणारं, खणखणीत, दूरच्या शेतापर्यंत पोचेल असं. म्हातारा मान वर करतो आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात ओरडतो, "भुऱ्याऽऽ! हाऽऽय! गप ऱ्हायऽऽ!"

कुत्रा एकदा मागं वळून पाहतो आणि दुप्पट जोरानं भुंकतो.

म्हाताऱ्याचं नाव दादाजी. बोथ गावाकडच्या डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती आहे, तिथला. उभा जन्म त्यानं शेतं राखली. आधी दुसऱ्यांची, मग चिकाटीनं मिळवलेला स्वतःचा एक तुकडा. ज्वारीत दूध भरलं की तो मचाणावर चढे, तो कणसं खुडून होईस्तोवर खाली उतरत नसे. पहाटे पोपट, दुपारी वानरं, अंधार पडला की डुकरं. हातात गोफण असे. पण खरं हत्यार त्याचा आवाज. "हुईऽऽ हाऽऽ" अशी त्याची हाक डोंगराला लागून परत यायची तेव्हा आजूबाजूच्या शेतातली माणसं म्हणायची, "दादाजी जागा हाय, झोपा आता."

भुऱ्या पिल्लू असताना याच मचाणाखाली आला आणि तिथंच शिकला. दोघांची कामाची एक रीत होती. भुऱ्याला चाहूल आधी लागे. तो भुंके आणि वळून मचाणाकडं पाही. वरून दादाजीची हाक येई. हाक आली की भुऱ्याला बळ चढे, तो आणखी पुढं सरके, आणखी जोरानं भुंके, पुन्हा हाक. एकट्या कुत्र्याला डुकरं भीत नाहीत, मचाणावरच्या एकट्या माणसालाही नाही. दोन आवाज असे एकमेकांत गुंफले की त्यांना वाटे, इथं अख्खी वस्ती उठली आहे. शाहिरानं ओळ टाकावी आणि मागं उभ्या असलेल्या झीलकऱ्यानं ती उंच सुरात उचलावी, म्हणजे शाहिराला पुढच्या ओळीचा जोर येतो, तसा तो प्रकार होता. फरक एवढाच की या फडात शाहीर चार पायांचा होता आणि झीलकरी दादाजी.

मग एका पावसाळ्यात दादाजी मचाणाच्या शिडीवरून घसरला. कंबर धरली ती धरलीच. त्याचा एकुलता मुलगा माणिक, म्हणजे आता माणिकराव, नव्यानं झालेल्या मंडळ कचेरीत कारकून होता. तो इचोड्याहून आला, शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, लावलं आणि बापाला म्हणाला, "बा, आता तिकडंच चला."

"मी येतो," दादाजी म्हणाला. "पन भुऱ्या बी येईन."

"कुत्रं काय करते तिथं?"

"अन् मी काय करतो तिथं?"

माणिकरावानं कुत्र्याला दोरी लावली. बायको जाऊन बापाला वर्षं झाली होती, शेत सुटलं होतं, घराला कुलूप लागत होतं. त्या सगळ्यातलं एवढंच बरोबर येऊ शकत होतं.

इचोड्यात भुऱ्याला वाटलं, नवं शेत राखायला मिळालं. समोरून एकसारखी दांडगी, काळा धूर सोडणारी जनावरं येत. भुऱ्या भुंके आणि ट्रक निघून जाई. ट्रक त्याच्या वाटेनं जात होता हे भुऱ्याला कोण सांगणार? त्याच्या मते तो त्यानंच पळवलेला असे. इतका विजय त्याला शेतातसुद्धा कधी मिळाला नव्हता. ट्रक, बस, सायकल, दूधवाला, कचेरीत निघालेला माणूस, तो कोणालाच सोडीना.

घर रेणुकाबाईंचं, माणिकराव त्यांचा भाडेकरू. ओट्याच्या पलीकडच्या दारात त्या स्वतः राहत. त्यांचे यजमान लक्ष्मणराव शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली ती अर्धीमुर्धी परत आली. डॉक्टरनं सांगितलं होतं, झोप हेच औषध. ती झोप कशीबशी लागायची, एवढ्यात बाहेर भुऱ्या गरजायचा. लक्ष्मणराव दचकून उठत. चांगला हात थरथरू लागे, तोंडाला फेस येई, डोळ्यांत पाणी.

रेणुकाबाई भांडखोर नव्हत्या. त्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"दादाजीभाऊ, तुमचं कुत्रं वाईट नाही. पण यांचं पाहा ना. आज तर हातातली वाटीच पडली."

"बाई, मी त्याले दिवसभर ओरडून राह्यलो. आयकतच नाई."

"ते आम्ही पण ऐकतो," त्या म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच थोडं हसू आलं. मग चेहरा पुन्हा उतरला. "दसऱ्यापर्यंतची मोहलत घ्या. कुत्र्याचं काही जमलं तर बरं. नाहीतर मला दुसरं बिऱ्हाड ठेवावं लागेल. तुम्हाला जा म्हणताना माझी जीभ जड होते, पण माझं माणूस आत पडलेलं आहे."

कुत्रा किंवा घर. दादाजीला रात्रंदिवस तेवढंच दिसू लागलं.

माणिकरावानं उपाय चालू केले. आधी काठी दाखवली. मग तांब्याभर पाणी अंगावर फेकलं. मग आतल्या खोलीत कोंडलं, तर भुऱ्यानं दार ओरबाडून काढलं आणि आत घुमल्यामुळं आवाज लक्ष्मणरावांच्या भिंतीतून थेट उशाशी पोचला. शेवटी एका दुपारी माणिकरावानं सुतळीनं त्याचं तोंड बांधलं. भुऱ्या धापा टाकायलाही तोंड उघडू शकेना. तो दादाजीच्या पायाशी येऊन, पुढचे दोन्ही पंजे नाकावरून घासत राहिला. दादाजीनं गाठ सोडवली.

"उद्या माह्यं बी बांधजो," तो मुलाला म्हणाला. "मी बी लय ओरडतो."

रागाच्या भरात तो किती खरं बोलून गेला हे त्याला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते भाद्रपदात. दादाजीचा घसा बसला. सून बयना गरम पाण्यात मीठ-हळद घालून गुळण्या करायला लावी आणि दम देई, "मामाजी, एक शब्द बोलाचा नाई. बोलसाल तं काढा पाजीन." दादाजी मुकाट्यानं बाजेवर बसे. माणिकराव कचेरीत, बयना बोअरिंगवर पाण्याला. ओट्यावर फक्त दोघं.

ट्रक आला. भुऱ्या धावला, भुंकला, आणि त्यानं मागं वळून पाहिलं. दादाजीनं तोंड उघडलं, आवाज फुटेना. भुऱ्या थांबला. पुन्हा भुंकला, पुन्हा पाहिलं. या खेपेस जास्त वेळ पाहिलं, कान पुढं करून, एक पाय उचललेला. कोणी ओरडलं नाही. ट्रक गेला. भुऱ्या जागच्या जागी घुटमळला, एकदा हलकंसं कुंईं केलं आणि बाजेखाली येऊन पडला.

दादाजी कितीतरी वेळ त्याच्या पाठीकडं बघत बसला. मचाण, शिडी, दूध भरलेली ज्वारी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. बयना डोक्यावर घागर घेऊन आली तशी त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि घोगऱ्या कुजबुजीत सांगितलं.

बयनानं घागर उतरवली. "म्हंजे पाहा, मामाजी. कुत्रं भुकते अन् तुमाले बोलावते. तुमी म्हंता गप ऱ्हाय. अन् त्याले वाटते तुमी शाबास म्हनून राह्यले?"

दादाजीनं मान हलवली.

"अन् आमी बी समदे ओरडतो. म्हंजे त्याले वाटत असंन, घरचे लय कामाचे हायेत, समदेच राखन करून राह्यले!" ती तोंडाला पदर लावून हसू लागली. म्हाताराही हसला. पण हसता हसता त्याला पुढचं दिसलं, आणि तो थांबला. कुत्रा गप्प व्हायचा तर त्याला एकटं पाडावं लागणार होतं.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा झाला. भुऱ्यावर कोणी ओरडायचं नाही. काठी नाही, पाणी नाही, शिवी नाही. रेणुकाबाईंनाही विनंती झाली. माणिकरावानं रस्त्याच्या बाजूनं बांबूच्या तट्ट्या उभारल्या, म्हणजे ट्रक दिसायचेच नाहीत. सकाळी उन्हं यायच्या आधी दादाजी काठी टेकत, कंबर धरत त्याला नाल्यापर्यंत फिरवून आणी. दिवसभर रिकामं बसलेलं जनावर बोलणार नाही तर काय करील? भुंकला की दादाजी तोंड फिरवी. भुंकणं थांबून थोडी शांतता झाली की मात्र भाकरीचा तुकडा आणि डोक्यावर हात.

आधी झालं उलटंच. झील मिळेना म्हटल्यावर शाहीर चिडला. धनी बहिरा झाला की काय, असं वाटून भुऱ्या घसा फोडून भुंकू लागला, थेट दादाजीच्या समोर उभा राहून. रेणुकाबाई कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. दादाजीनं हात जोडले. "थोडं सोसा, बाई. तो मले शोधून राह्यला. सापडलो नाई का थांबन."

आणि तो थांबला. ट्रकचा आवाज आला की उठायचा, तट्ट्यांपर्यंत जायचा, एकदा हुंकार द्यायचा, मागं पाहायचा. दादाजी भिंतीकडं बघत असायचा. मग हुंकारही गेला. दुपारी लक्ष्मणराव घोरू लागले. त्यांचा चेहरा भरला. दसऱ्याला रेणुकाबाई आपट्याची पानं आणि खिरीची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादाजीभाऊ, जाण्याचं नाव काढायचं नाही आता. अन् ही खीर भुऱ्यासाठी. तुम्ही खायची नाही."

घरात सगळे आनंदले. माणिकरावानं तर भुऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. दादाजीही हसला, पण त्या रात्री त्यानं भाकरी अर्धीच खाल्ली.

त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ती बाकी कोणाला दिसण्यासारखी नव्हती. भुऱ्या आता मागं वळून बघत नव्हता. हाक मारली की येई, शेपूट हलवी, तुकडा खाई, शहाण्यासारखा पडून राही. पण बाजेखाली पडतानाही तोंड पलीकडं करून.

थंडीच्या सुरवातीला एक दुपार अशी आली. लक्ष्मणराव आत झोपलेले. बयनानं अंगणातल्या मांडवावर दोडक्याचा वेल चढवला होता, हिरवा गर्द, जागोजागी लोंबणारे दोडके. कौलांवरून धबधब करत वानरांचा कळप उतरला. शेतातले जुने वैरी! पुढारी हुप्प्या मांडवावर येऊन बसला. भुऱ्या ताडकन उठला. त्याची मान ताठ झाली, पाठीचे केस उभे राहिले, अंगभर कापरं भरलं. तोंड उघडलं. बाजेवर दादाजीच्या छातीतून ती जुनी हाक उसळी मारून वर आली, पार घशापर्यंत, आणि पलीकडच्या दारातून लक्ष्मणरावांचं घोरणं ऐकू आलं. दादाजीनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

भुऱ्यानं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. वळून बघितलं नाही. तो खाली बसला.

वानरांनी सावकाश, पंगतीला बसल्यासारखे, दोडके खाल्ले. अर्धे नुसते चावून फेकले. एक पिल्लू तर भुऱ्याच्या पुढ्यातून खुशाल चालत गेलं. ओट्यावर एक म्हातारा राखणदार आणि एक म्हातारा कुत्रा, दोघंही एका दिशेला तोंड करून, मुके.

बयना बाजारातून आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो माय! दोन दोन राखनदार बसले हायेत अन् दोडके गेले? मामाजी, तुमी तं दोघं बी पेन्शनीत गेले!" मग तिला त्याचे डोळे दिसले, आणि ती पिशवी तिथंच टाकून त्याच्याजवळ बसली.

कापसाचे दिवस आले. वस्तीवरचा धोंडीबा, ज्यानं दादाजीचं शेत बटईनं केलं होतं, ट्रॅक्टरवर कापूस घालून इचोड्याला आला आणि परत जाताना भेटायला थांबला. "जयभीम, दादाजी. कंबर कशी हाय?" चहा झाला. डुकरांनी या साली ज्वारी लोळवली म्हणाला. मचाणावर कोणी बसत नाही म्हणाला. राखायला कुत्रं नाही म्हणाला.

दादाजीनं कप खाली ठेवला. "भुऱ्याले घेऊन जाय."

माणिकराव नुकताच कचेरीतून आला होता. त्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "बा, आता तं तो गप झाला ना! समदं सुदरलं. आता काऊन?"

"म्हनूनच," दादाजी म्हणाला.

ट्रॉलीत रिकामी पोती पडली होती. ज्या जातीच्या जनावरांवर भुऱ्या महिनोन्‌महिने तुटून पडला, त्यातल्याच एकाच्या पाठीवर त्याला चढवावं लागलं. तो मुकाट चढला. दादाजीनं त्याच्या फाटक्या कानाच्या मुळाशी खाजवलं आणि धोंडीबाला समजावून सांगितलं, की तो भुंकला की मचाणावरून हाक द्यायची, एकटं सोडायचं नाही, कितीही झोप आली तरी. धोंडीबा हो म्हणाला. ट्रॅक्टर सुरू झाला. रेणुकाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. आतून लक्ष्मणरावांचा तुटका आवाज आला, "कु... कुत्रं?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा रेणुकाबाई आत गेल्या.

संक्रांतीच्या सुमाराला धोंडीबा पुन्हा आला. दादाजी तोवर बाजेवरून फारसा उठत नसे. छातीत कफ धरला होता, अन्नावरची इच्छा गेली होती. भुऱ्याचं नाव निघालं तसा तो कोपरावर उठून बसला.

"भुकते ना?"

"भुकते! अख्ख्या शिवारात गाजते. मी बी हाक देतो, तुमी सांगतली तशी. एक डुक्कर फिरकलं नाई."

"अन् मांगं पाह्यते का?"

"म्हंजे?"

"भुकल्यावर. मांगं वळून पाह्यते का, मचानाकडं?"

धोंडीबा भोळा माणूस. त्यानं आठवून, खरं तेच सांगितलं. "नाई बा. सरळ पुढंच पाह्यते."

दादाजी हळूहळू पुन्हा आडवा झाला. कुत्र्याला शेत परत मिळालं, भुंकणं परत मिळालं, हाकही मिळाली. तेवढी एक गोष्ट त्यानं स्वतःच्या हातानं मोडली होती, आणि ती परत जोडून देणं आता कोणाच्या हातात नव्हतं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. बयनानं वाकळ अंगावर ओढली.

तो त्यानंतर थोडेच दिवस होता. औषधं चालू होती, माणिकराव रजा काढून उशाशी बसे, रेणुकाबाई पेज करून आणीत. शेवटच्या दिवशी, उन्हं ओट्यावर आलेली असताना, म्हातारा उगाच डोळे मिटून पडला होता. रस्त्याच्या पलीकडं, ढाब्याजवळ, कोणाचंतरी कुत्रं भुंकू लागलं. एकसारखं, थांबायचं नाव नाही. बयना त्याला हाकलायला काठी घेऊन उठली, तशी दादाजीनं तिच्या लुगड्याचा काठ धरला.

"भुकू दे वं, बाई," तो म्हणाला. "त्याचं कोनी असंन."